अडीच लिटर आगळ गेलं कुठे?

पत्राचा सारांश: वेंगुर्ले तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सचिवांचं हे पत्र आहे. गटात सात जणी. प्रत्येकीने आपापल्या घरी रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ (मिठातला घट्ट रस) काढलं आणि मेअखेरीस एकीच्या पडवीत ठेवलेल्या पिंपात एकत्र केलं. एका हॉटेलला ७५० मिलीच्या ५० बाटल्या द्यायचं कबूल केलं होतं. वहीतली बेरीज ३७.७० लिटर, म्हणजे ५० बाटल्या भरून वर थोडं उरायला हवं होतं. प्रत्यक्षात ४६ भरल्या, सत्तेचाळिसावी जेमतेम पाऊण झाली आणि पिंप कोरडं पडलं. पिंप दोन रात्री ज्यांच्या पडवीत होतं त्या काकींना पैशांची नड असते, त्यामुळे बोट न दाखवता सगळ्यांचं बोट तिकडेच वळलंय. दोघी त्यांच्या खळ्यातून (अंगणातून) जायच्या बंद झाल्या. सचिवताई विचारतात: काकींना मीटिंगमध्ये सरळ विचारावं, की काही न बोलता पुढच्या वर्षी पिंप दुसरीकडे हलवावं? एकीने सुचवलंय की सगळ्याच बाटल्यांत थोडं थोडं कमी भरून ५० पुऱ्या कराव्यात. आणि सासूबाई म्हणतात, "आमच्या येळाक शेर-मापटा होता, तेव्हा असा कधी झाला नाय."

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचण्याआधी तुम्ही सोबत जोडलेला वहीच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. "आमचा हिशेब चोख असतो हे तुम्हालाही दिसावं" म्हणून पाठवलात, फार बरं केलंत. तुमचा चोर त्या पानावरच बसलाय.

पानावर दोन रकाने आहेत. डावीकडे पेन्सिलीने लिहिलेलं, बहुधा मोजता मोजता. उजवीकडे शाईने, सावकाशीने उतरवलेलं. जसंच्या तसं इथे देते, नावं गाळून:

४ लि. ५० मिली : ४.५०
६ लि. ८० मिली : ६.८०
५ लि. ५०० मिली : ५.५००
३ लि. ७५ मिली : ३.७५
७ लि. २५० मिली : ७.२५०
५ लि. ९० मिली : ५.९०
४ लि. : ४

उजव्या रकान्याची बेरीज ३७.७०. ती बरोबर आहे, मी दोनदा करून पाहिली. पण आता पहिली ओळ पुन्हा बघा. ४ लिटर आणि ५० मिली म्हणजे ४.५० लिटर नव्हे, ४.०५० लिटर. ४.५० म्हणजे साडेचार लिटर. दुसरी ओळ ६.०८० हवी होती, चौथी ३.०७५, सहावी ५.०९०. पाच लिटर पाचशे आणि सात लिटर अडीचशे या दोन ओळी बरोबर आल्या, कारण तिथे मिलीचे आकडे मुळातच तीन होते.

आता सगळं मिलीत मांडू, म्हणजे टिंबाचा प्रश्नच येत नाही. ४०५०, ६०८०, ५५००, ३०७५, ७२५०, ५०९०, ४०००. बेरीज ३५,०४५ मिली. पिंपात पहिल्या दिवसापासून एवढंच आगळ होतं. त्याला ७५० ने भागा: ४६ बाटल्या पूर्ण, त्यांत गेलं ३४,५०० मिली, उरलं ५४५ मिली. साडेसातशेच्या बाटलीत ५४५ मिली म्हणजे पाऊण बाटलीला थोडं कमी. तुम्ही पत्रात काय लिहिलंय? "सत्तेचाळिसावी जेमतेम पाऊण." ताई, तुमच्याकडून मोजण्यात थेंबाचीही चूक झाली नाही. काकींच्या पडवीतून थेंबही गेला नाही. वहीतलं जास्तीचं २ लिटर ६५५ मिली आगळ कधी निघालंच नव्हतं.

हे वाचून तुम्हाला आधी हायसं वाटेल, मग पोटात गोळा येईल. त्या गोळ्याकडे नंतर येते. आधी चूक कशी झाली ते नीट बघू, कारण "मला गणित येत नाही" असं म्हणून तुम्ही वही दुसरीकडे द्याल ही मला भीती आहे, आणि तुम्हाला गणित चांगलं येतं.

तुमचा हात पैशांवर बसलाय. गटाची वही म्हणजे वर्गणी, कर्जाचा हप्ता, व्याज. रोज रुपये-पैसे लिहायचे. चार रुपये पन्नास पैसे म्हणजे ४.५०, हे हाताला इतकं पाठ की डोकं मध्ये पडतच नाही. रुपयात पैसे शंभर, म्हणून टिंबापुढे दोन घरं. लिटरमध्ये मिली हजार, म्हणून टिंबापुढे तीन घरं. पहिलं घर शेकड्याचं, दुसरं दहाचं, तिसरं एकाचं. पन्नास मिलीत शेकडा एकही नाही, तेव्हा पहिल्या घरात शून्य बसलंच पाहिजे: ०५०. तुमच्या हाताने लिटरला रुपया समजून दोनच घरं बांधली आणि पन्नास मिली पाचशेच्या खोलीत जाऊन बसले. हीच गफलत किलो-ग्रॅममध्येही होते, किलोमीटर-मीटरमध्येही होते, कारण तिथेही हजार आहेत. रुपयाची सवय जितकी पक्की, तितकी ही चूक सहज होते. बँकेत काम केलेल्या माणसांकडूनही होताना मी पाहिली आहे.

आता तो गोळा.

पत्रात तुम्ही मला विचारलंय, काकींना विचारावं की नाही. मला आधी वेगळाच प्रश्न पडला: काकीच का? पिंप त्यांच्या पडवीत होतं हे खरं. पण पडवीला दार नसतं, वाडीतली पोरं तिथे दुपारभर असतात, आणि तुमच्यापैकी तिघी त्या दोन दिवसांत बाटल्या धुवायला तिथेच होतात, हे तुम्हीच लिहिलंय. तरी संशय एकीवरच गेला. तुमच्या पत्रात त्याचं कारण एका अर्धवट वाक्यात आहे: "तशी त्यांना नड असतेच." नड असणं आणि हात लांब असणं यांत अंतर किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपण कुणीही हे मुद्दाम करत नाही. हिशेब लागेनासा झाला की मन सगळ्यात गरीब घराकडे बघतं, आणि वहीकडे सगळ्यात शेवटी, कारण वही आपण स्वतः लिहिलेली असते.

फोटोतली पाचवी ओळ पाहा. सात लिटर अडीचशे. नाव मी इथे देत नाही, पण ती ओळ काकींची आहे. सगळ्यांत जास्त आगळ त्यांचं, आणि ज्यांच्या नोंदीत एका मिलीचाही फरक नाही अशा तिघींत त्या आहेत. तुम्ही लिटरमागे २०० रुपयांनी पैसे वाटलेत. म्हणजे एकूण ५३१ रुपये जास्त गेले, आणि ते गेले चौघींना: ९०, १४४, १३५ आणि १६२. काकींना दमडी जास्त मिळालेली नाही. दुसरी ओळ तुमची स्वतःची आहे ना? १४४ रुपये.

म्हणून तुमच्या दोन पर्यायांपैकी एकही आता उरत नाही. मीटिंगमध्ये विचारण्यासारखं काही नाही. आणि पिंप गुपचूप हलवणं तर त्याहून वाईट. त्यात आरोप तोंडाने होत नाही, म्हणून तो खोडताही येत नाही. काकींना काही माहीत नसेल असं समजू नका. रोजच्या दोघी खळ्यातून जायच्या बंद झाल्या की बाईला कळतं.

माझं ऐकाल तर मीटिंगच्या आधी एकट्या त्यांच्याकडे जा. वही घेऊन जा. "गैरसमज झाला होता" अशी गोल वाक्यं नकोत, कारण गैरसमज कुणाचा, हे त्यात कधीच येत नाही. "काकी, चूक माझ्या लिहिण्यात झाली, आणि दोन आठवडे आम्ही तुमच्याकडे बघत राहिलो," एवढं पुरे. त्या म्हणतील, जाऊ दे गो. किंवा नाही म्हणणार, रागावतील. रागावल्या तर बसून ऐका. क्षमा मागायला गेलेल्या माणसाने लगेच चहाची अपेक्षा ठेवू नये, असं माझं मत.

मग मीटिंग. तिथे भाषण करण्यापेक्षा लिटरचं माप, तुमचा तो रेघांचा पेला आणि कळशीभर पाणी मध्ये ठेवा. एका पातेल्यात चार लिटर आणि वर पेल्याने पन्नास मिली घाला. दुसऱ्यात साडेचार लिटर. दोन्ही शेजारी ठेवा. मग विचारा, वहीतलं ४.५० यांपैकी कुठलं? जी बाई शाळेत चौथीपुढे गेली नाही तिलाही लगेच दिसेल. कागदावर अर्धा तास समजावलेलं जे उतरत नाही ते पातेल्यातलं पाणी उतरवतं. आणि गटासमोर काकींचं नाव चुकीने मध्ये आलं होतं हे तुमच्या तोंडून, नाव घेऊन, एकदा व्हायला हवं. कुजबुज नावाने झाली, तर दुरुस्ती बिननावाची चालणार नाही.

पैशांचं म्हणाल तर तुमचे १४४ त्याच दिवशी गटात भरा. बाकी तिघींकडे लगेच मागू नका. चूक त्यांची नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर शे-सव्वाशे रुपये काढून देणं काही घरांना जड जातं. पुढच्या हंगामाच्या पैशांतून वळते करायचे, की गटाच्या नफ्यात सोडून द्यायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.

हॉटेलला मात्र आजच फोन करा. "४६ बाटल्या आहेत, मोजण्यात आमची चूक झाली, चारचे पैसे परत करते." प्रत्येकीने घरच्या वर्षभराच्या बरणीतून थोडं थोडं काढून चार बाटल्या पुऱ्या करता येतील, २ लिटर ४५५ मिली लागेल, हा विचार तुमच्याही मनात आला असेल. होईल ते. पण सात घरांची सोलकढी तोडून हॉटेलची सोय करावी असं मला वाटत नाही.

आणि ती तिसरी वाट, सगळ्या बाटल्यांत थोडं थोडं कमी भरण्याची. हिशेब करून पाहिला मी. ३५,०४५ मिली ५० बाटल्यांत वाटलं तर प्रत्येकीत ७०१ मिलीला जरासं कमी येतं. गळ्यापाशी दोन बोटं कमी, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. पण लेबलवर ७५० आहे. लेबलपेक्षा कमी माल भरून विकणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे. भरताना होणारा किरकोळ फरक कायदा समजून घेतो, बाटलीमागे पन्नास मिली नाही. शिवाय जो गट दोन आठवडे दुसरीने मापात हात मारला म्हणून रुसून होता, त्याने शेवटी स्वतःच मापात हात मारावा, हे कसं दिसतं बघा.

पुढच्या वर्षासाठी वहीत एकच बदल करा. टिंब काढून टाका. लिटरचा रकानाच नको, सगळं मिलीत लिहा, पूर्ण आकड्यात: ४०५०, ६०८०. चार लिटर असेल तर ४०००. आकडे लांब दिसतील, पण पूर्णांकांची बेरीज चुकली तर लगेच डोळ्यांत भरते, आणि टिंब चुकलं तर भरत नाही. शेवटी एकदाच हजाराने भागा. उजवीकडून तीन आकडे मोजून तिथे रेघ मारली की डावीकडे लिटर, उजवीकडे मिली. ३५|०४५. झालं. बाटलीच्या लेबलवरही लिटरच्या आतलं माप मिलीतच लिहायचं असतं, तेव्हा ही सवय तिथेही कामाला येईल.

दुसरं, लिहिलेलं मोठ्याने वाचा, आणि वाचताना आपली मराठी वापरा. "चार पॉइंट पाच शून्य" असं नको. साडेचार म्हणा. ३.७५ म्हणजे पावणेचार. ५.९० म्हणजे सहाला शंभर मिली कमी. त्या दिवशी तुम्ही ज्यांची-त्यांची ओळ अशी वाचली असती, तर "तीन लिटर आणि वर थोडं" आणणारी बाई लगेच म्हणाली असती, अगो, माझं पावणेचार कुठलं? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या आज्यांनी भाजी घेता घेता आपल्या तोंडात घातलेत. पाव लिटर २५०, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, पावणेदोन १७५०, अडीच २५००. एवढे सहा पाठ असले की वहीतला कुठलाही आकडा यांतल्या कुठल्या दोन खांबांच्या मध्ये बसतो ते कळतं, आणि भलत्या जागी बसलेला आकडा कानाला खटकतो.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांचं अर्धं खरं आहे. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळी दुपटीची आणि निमपटीची शिडी, आणि प्रत्येक पायरीला हातात धरता येईल असं वेगळं भांडं. तिथे टिंब नव्हतंच, त्यामुळे टिंब चुकण्याचा प्रश्नही नव्हता. पण उरलेलं अर्धं असं, की एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असं नसे, आणि पायली उतू जाईपर्यंत शीग लावायची की हाताने सपाट करायची, यावर भांडणं होत. १९५८ सालच्या ऑक्टोबरपासून देशात मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्याने आली ती हे भांडण मिटवायला. सासूबाईंना घरात तांदूळ मापट्याने मोजू दे. विक्रीच्या मालाला लिटरच हवा.

आणि त्यांना हेही सांगा की लिटरच्या हिशेबात मोठमोठे शास्त्रज्ञही चुकलेत. मुळात लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा ठोकळ्याएवढी जागा. १९०१ साली व्याख्या बदलून ठरवलं की एक किलो शुद्ध पाणी, साधारण ४ अंश सेल्सिअसला, जेवढी जागा व्यापतं तो लिटर. दोन्ही एकच असायला हवं होतं. पण ज्या धातूच्या ठोकळ्यावरून किलो ठरत होता तो मनात होता त्याहून किंचित जड झाला होता, त्यामुळे लिटर दहा लाखांत २८ भागांनी मोठा निघाला. १९६४ साली ती व्याख्या मागे घेऊन पुन्हा दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर आले. तुमच्या ३५ लिटर आगळात या चुकीने एक मिलीचा फरक पडला असता. साठ-त्रेसष्ट वर्षं कुणी त्यावरून कुणाशी बोलणं टाकलं नाही.

ही टिंबाची गोष्ट इतर वाचकांनीही मनावर घ्यावी, कारण आगळात चूक झाली तर चार बाटल्या जातात, औषधात झाली तर मूल दवाखान्यात जातं. लहान बाळाला ०.५ मिली लिहिलेलं असताना ५ मिली पाजलं गेलं तर ते दहापट झालं. थेंबांच्या औषधासोबत ड्रॉपर येतो, पातळ औषधासोबत रेघांचं टोपण येतं, तेच वापरा. घरातला चमचा पाच मिलीचा असेलच असं नाही, तुमच्या डब्यातले दोन चमचे तरी सारखे आहेत का बघा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर "दोन सीसी" म्हणतात ते दोन मिलीच. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, आणि एक घन सेंटिमीटर म्हणजे एक मिली.

होडीच्या टू-स्ट्रोक मशीनला इंधनात ऑइल घालणाऱ्यांची चूक याच घरातली. मशीनच्या पुस्तकात पन्नासाला एक असं प्रमाण दिलेलं असेल, तर लिटरला २० मिली. इथवर सगळ्यांना येतं. दहा लिटरच्या कॅनला किती? २००. तिथे घाईत वीसच ओतलं जातं, आणि खाडीच्या तोंडावर गेल्यावर इंजिन जाम.

मी स्वतः चुकले ती घनमीटरला. घरामागे पावसाच्या पाण्याची टाकी बांधायची होती. दोन मीटर लांब, दीड रुंद, दीड खोल. गुणाकार साडेचार घनमीटर. मीटरला शंभर सेंटिमीटर, तेव्हा घनमीटरला शंभर लिटर असणार, असं धरून मी गवंड्याला म्हटलं, एवढ्या खर्चात साडेचारशेच लिटर? त्याने शेजारच्या घरावरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ताई, ती ह्या खड्ड्यात किती वेळा बसेल? घनमीटरला हजार लिटर असतात. लांबीत दहा, रुंदीत दहा, खोलीत दहा असे लिटरचे ठोकळे मांडले की हजार. टाकी साडेचार हजार लिटरची होती. तेव्हापासून मी एक लक्षात ठेवलंय: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन हजार लिटर. आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो. असो, तो विषय वेगळा.

विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते चौदा घनमीटर, म्हणजे चौदा हजार लिटर, म्हणजे पस्तीस ग्रॅम पावडर. माझ्यासारखा शंभराचा हिशेब केला तर साडेतीन ग्रॅम पडेल आणि पाणी होतं तसंच राहील. गावच्या जलसुरक्षकाला एकदा विचारून घ्या.

आणखी एक, तुमच्या गटातल्या कुणी तरी नक्की सुचवणार म्हणून: मापण्याऐवजी वजन करून लिटर लिहू. नको. किलो म्हणजे लिटर हे पाण्यापुरतं. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बघा, ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. आगळात मीठ असतं, ते पाण्याहून जड. अमृतकोकम साखरेमुळे त्याहूनही जड. किलोला लिटर धरलात तर प्रत्येक बाटलीत माल कमी जाईल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मला पत्र लिहाल.

सत्तेचाळिसाव्या बाटलीचं काय करायचं, असं तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. तिच्यावर लेबल लावू नका. मीटिंगच्या दिवशी त्यातल्या पेलाभर आगळाची सोलकढी करा, सात जणींना पुरेल. नारळ काकींच्या झाडाचे घ्या. त्यांचे पैसे द्या, आणि वहीत लिहा. रुपयांत, टिंबापुढे दोन घरं.